बिऱ्हाड, बिल्टी आणि हमालाची पाठ

मुंबई इलाख्याचं सरकार दरवर्षी आपलं बिऱ्हाड तीनदा हलवत असे. थंडीचे महिने मुंबईत, उन्हाची काहिली सुरू झाली की महाबळेश्वर, आणि पाऊस कोसळू लागला की पुणे. गव्हर्नरसाहेब निघाले की त्यांच्यामागे सचिव, कारकून, शिपाई, खानसामे आणि दप्तरांच्या पेट्या निघत. पुण्याचं गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ते, याच पावसाळी मुक्कामासाठी १८६० च्या दशकात बांधायला घेतलं. कौन्सिल हॉलही त्याच गरजेतून उभा राहिला. महाबळेश्वरला रेल्वे कधीच पोचली नाही. पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर वाठार स्टेशनात उतरायचं आणि पुढे वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असं टांग्याने किंवा बैलगाडीने वर चढायचं. सामानही त्याच वाटेनं जाई.

ही प्रथा पुरती गेलेली नाही. १९५३ च्या नागपूर करारानंतर आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरू लागलं. डिसेंबर जवळ आला की मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे आजही विदर्भाच्या वाटेला लागतात. अधूनमधून वर्ष चुकतं, जशी करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं चुकली. तारीख, मार्ग, उतरायची जागा, राबणारी माणसं, सगळं आधी ठरलेलं. घर हलवण्याच्या कामात याहून मोठी सोय नाही.

सामान्य माणसाच्या वाट्याला ती कधी आली नाही. त्याचं घर हलतं ते बदली, लग्न, वाटणी, पडझड, पूर, साथ किंवा अकरा महिन्यांचा करार संपल्यामुळे. अशा वेळी दोन जोखमी उभ्या राहतात. एक सामानाची: काच फुटली, कपाट चेपलं, पेटी हरवली तर भरून कोण देणार? दुसरी ते सामान उचलणाऱ्याच्या पाठीची: जिन्यावर पाय घसरला, मणका गेला तर त्याच्या घरी चूल कशी पेटणार? महाराष्ट्रातल्या स्थलांतराचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अंगानं वाचला तर एक गोष्ट नजरेत भरते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं दुसऱ्याच्या शंभर वर्षं आधी दिलं.

सक्तीनं झालेल्या मोठ्या स्थलांतराचं आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण देवगिरीचं. महंमद बिन तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. दिल्ली पार ओस पडली, असं जुने लेखक सांगतात. नेलं ते मुख्यतः उमराव, अधिकारी, उलेमा आणि सूफी यांना, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. पण या सुलतानाला नियोजन कळत नव्हतं, असं म्हणता येत नाही. चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर दुतर्फा झाडं होती आणि टप्प्याटप्प्यावर प्रवाशाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू मिळत, असं इब्न बतूतानं लिहिलं आहे. निघणाऱ्यांना खर्चाला पैसे दिले, पोचल्यावरही दिले, हे तुघलकावर कडक टीका करणारा बरनीसुद्धा नोंदवतो. बेत फसला तो वाहतुकीपायी नाही. ज्यांना हलवलं त्यांचं मन तिथं रमलं नाही, आणि काही वर्षांत परतीची मोकळीक द्यावी लागली.

त्या काळी व्यवसाय म्हणून माल हलवणारे होते ते बंजारे, आपले लमाण. धान्य, मीठ, डाळी बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणारा हा समाज. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, असं सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सांगतो. एक बैल साधारण दीडशे किलो वाहून नेई. मुघलांच्या फौजांना त्यांनीच रसद पुरवली, आणि १८०३ मध्ये असईच्या लढाईकडे निघालेल्या आर्थर वेलस्लीचं सैन्यही त्यांच्याच धान्यावर चालत होतं. तांड्याचा नाईक बोलला की तोच करार. माल पोचला नाही तर नाव गेलं, आणि नाव गेलं की पुढचा व्यापारी गोण भरून देत नसे. कागद नव्हता, पण जबाबदार माणूस समोर उभा होता, आणि त्याचं स्वतःचं अख्खं घरही बायकामुलांसह त्याच तांड्यात चालत होतं.

रस्ते आणि रेल्वे आली तसा हा धंदा आटत गेला. मग पोट भरायला भटकणाऱ्या या समाजाच्या अनेक गटांवर इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ उजाडलं. ज्यांच्या पाठबळावर या देशातला माल शतकानुशतकं हलला, त्यांच्याशी राज्यकर्त्यांनी केलेला हा अन्याय या व्यवसायाच्या इतिहासातलं काळं पान आहे.

बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबई-पुणे म्हणजे खाडीपर्यंत होडी आणि घाटात बैलाची किंवा माणसाची पाठ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट मात्र अडून राहिला. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनं खंडाळ्याला चढत आणि पुन्हा आगगाडीत बसत. सामानाची दोनदा चढउतार व्हायची, आणि सामान मोडतं ते मुख्यतः चढउतारीतच, हे आजचा कुठलाही जुना मुकादम सांगेल. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला. तो बांधताना पटकी, ताप आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. कोण कुठल्या गावचा होता याची साधी यादीही त्यांच्यामागे उरली नाही.

दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, हिंदुस्थानात कॅरिअर्स अॅक्ट आला. भाडं घेऊन कोणाचाही माल वाहणाऱ्या धंदेवाईक वाहतूकदाराची जबाबदारी ठरवणारा हा कायदा. त्याच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट वाचताना एखाद्या सुखवस्तू घराची झडतीच चालली आहे असं वाटतं: सोनं-चांदी, जडजवाहीर, घड्याळं, काच, चिनी माती, रेशीम, शाली, चित्रं, नकाशे, मालकी हक्काचे दस्तऐवज, वाद्यं, हस्तिदंत, चंदन, कस्तुरी. यांतली शंभर रुपयांवर किमतीची वस्तू असेल, तर पाठवणाऱ्यानं तिची किंमत आणि वर्णन आधी सांगायला हवं. न सांगितलेल्या वस्तूच्या नुकसानीला वाहतूकदार बांधील नाही. वाहतूकदारही त्याबद्दल जास्त दर लावू शकतो, पण तो दर त्यानं उघड लावलेला हवा. आणि ग्राहकाच्या बाजूनं एक भक्कम कलम: माल गमावला किंवा बिघडला तर वाहतूकदारानं हलगर्जी केली हे फिर्यादीला सिद्ध करावं लागणार नाही. माल दिला होता आणि तो आला नाही, एवढं पुरे.

हा कायदा तब्बल १४६ वर्षं टिकला. बैलगाडीच्या काळात लिहिलेलं कलम दहा चाकी ट्रकला लागू होत राहिलं. मधल्या काळात व्यापाऱ्यांनी बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावतीची, भाषा आत्मसात केली: माल कुणाचा, नग किती, किंमत काय, जोखीम कुणाची. घरगुती सामान हलवणारा मात्र या भाषेपासून दूर राहिला. ‘जुनंच सामान आहे, त्याची काय किंमत लिहायची?’ असं म्हणत त्यानं कागदावर ‘घरसामान’ एवढाच शब्द येऊ दिला. मराठी मध्यमवर्गाचं यात पिढ्यान् पिढ्या नुकसान झालं आहे, आणि अजून होतं आहे.

घाईचं स्थलांतर किती भयंकर असतं ते मुंबईनं १८९६ मध्ये पाहिलं. सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि शहर उठलं. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ संपेपर्यंत त्यातले सुमारे चार लाख लोक शहर सोडून गेले. कोकणच्या बोटी आणि घाटावरच्या गाड्या माणसांनी फुलल्या. त्याच महिन्यात साथरोग कायदा झाला, स्टेशनांवर तपासणी सुरू झाली, आणि सामान उघडून धुरी देणं हे प्रवासाचाच भाग झालं. हे लोक काय नेऊ शकले? गाठोडं, भांडी, देव. बाकी सगळं कुलपाआड राहिलं.

साथीच्या धक्क्यानं १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रस्ते निघाले, चाळी उठल्या. मग १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी आल्या, एकूण २०७ इमारती. त्यातली एक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीतलं बिऱ्हाड हलवायला हातगाडीची एक फेरी पुरायची.

बदलीच्या नोकरदारांचं बिऱ्हाड मोठं. रेल्वे, पोस्ट, महसूल, पोलीस, बँका, शाळाखातं यांतल्या माणसांच्या घरी बांधाबांधीचं एक शास्त्रच तयार झालं होतं, आणि ते बहुतेक बायकांच्या हाती होतं. तांब्या-पितळेची भांडी एकात एक घालून पिंपात, मध्ये जुन्या धोतराचे आणि लुगड्यांचे तुकडे. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्यानं बांधून त्या धान्याच्या डब्यांत उभ्या. काचसामान पेंढ्यात किंवा लाकडाच्या भुशात. गाद्या गुंडाळून होल्डॉलमध्ये, उरलेलं गोणपाटात, वरून काथ्याच्या किंवा सुतळीच्या आवळलेल्या गाठी. पत्र्याच्या ट्रंकेवर रंगानं नाव आणि गाव. पाटा-वरवंटा आणि जातं यांवरून मात्र दर बदलीला वाद होई: न्यायचं की इथंच कुणाला देऊन टाकायचं? देव्हाऱ्यातले देव सामानात जात नसत. ते कुणाच्या तरी मांडीवर बसून प्रवास करत. ज्यांनी हे केलं त्यांना आजच्या फोम आणि बबलरॅपमागचं तत्त्व वेगळं शिकवावं लागणार नाही: वस्तूला वस्तू लागू द्यायची नाही आणि खोक्यात पोकळी ठेवायची नाही.

सरकारनं तर घर किलोतच मोजलं. केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांत बदलीच्या वेळी किती वजनाचं घरसामान सरकारी खर्चानं न्यायचं, ते वेतनस्तरावरून ठरतं: सहाव्या स्तरापासून वर ६,००० किलो, पाचव्या स्तराला ३,०००, त्याखाली १,५००. रेल्वेच्या वाघिणीऐवजी कंटेनरचीही सोय आहे. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मेचा हंगाम ठरवून दिला. शाळांना सुट्टी, बदल्यांचे आदेश आणि संपणारे करार असे तिन्ही एकत्र आले की मे महिन्यात ट्रक मिळेनासा होतो आणि भाडं चढतं. ज्याला तारीख निवडता येते त्यानं महिन्याचा शेवट आणि मे टाळावा. आषाढात आणि पितृपक्षात घर बदलायचं नाही, हा संकेत ज्यांना पाळायचा नाही त्यांना त्या दिवसांत गाडी आणि माणसं दोन्ही सहज मिळतात.

आता पाठीकडे वळू.

मुंबईच्या बंदरात, मशीद बंदरच्या गोदामांत, भायखळ्याच्या भाजीबाजारात माल उचलणारा माणूस मुख्यतः सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून आलेला. पाटण, जावळी, कोरेगावची पोरं गावची पडीक शेती सोडून यायची, गाळ्यात किंवा गोदामाच्या पायरीवर झोपायची आणि टोळीत काम करायची. मजुरी नगावर किंवा वजनावर. मुकादम जे देईल ते. आजारपण आलं की गाव गाठायचं. शंभर किलोचं पोतं डोक्यावर घेऊन फळीवरून चालणाऱ्या माणसाचं कामाचं आयुष्य किती असणार? चाळिशी ओलांडली की मान आणि गुडघे साथ सोडत, आणि त्याच्या नावावर एक पैसाही साठलेला नसे.

पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी १९६० च्या दशकात या लोकांची संघटना बांधली. त्यातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा १९६९ मध्ये झाला. याची रचना साधी आणि धाडसी आहे. हमालाचा एक कायमचा मालक नसतो, सकाळी एकाचं काम आणि दुपारी दुसऱ्याचं. म्हणून मालकाच्या जागी मंडळ आणलं. कामगाराची नोंद मंडळात, काम देणाऱ्याचीही नोंद मंडळात. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. किराणा, लोखंड, कापूस, बंदराबाहेरची मालवाहतूक अशी बाजारानुसार वेगळी मंडळं झाली. असंघटित मजुराला निवृत्तीचे पैसे मिळवून देणारा हा देशातला पायाभूत कायदा आहे, आणि महाराष्ट्रानं त्याचा अभिमान बाळगायला हवा.

पुण्यात डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकातच हमाल पंचायत उभी केली होती. पोत्याचं वजन कमी करा, ही तिची वर्षानुवर्षांची मागणी. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आलं, तेव्हा हजारो मणक्यांना आराम मिळाला. पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रं हमालाला स्वस्तात पोटभर जेवण देत राहिली. काच, रेशीम आणि कस्तुरी यांची चिंता १८६५ च्या कायद्यानं केली; ते डोक्यावर वाहणाऱ्याची चिंता करायला आणखी १०४ वर्षं गेली. ही तफावत या व्यवसायाबद्दल बोलताना कधी विसरता कामा नये.

पुढे मुंबईतले घाऊक बाजार वाशीला गेले आणि माथाडींची बिऱ्हाडंही नव्या मुंबईत आली. कायद्याच्या चांगल्या नावावर मात्र काही गुंडांनी आपली पोळी भाजून घेतली. नव्या सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो आला की चार जण उभे राहतात: ‘सामान आम्हीच उतरवणार, नाहीतर वाराई द्या.’ काम न करता पैसे मागण्याचा हक्क माथाडी कायदा कुणालाही देत नाही. ती खंडणी आहे आणि पोलिसांनी असे गुन्हे नोंदवलेही आहेत. ट्रकवाल्यांनी याच जाचाला कंटाळून ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही घोषणा दिली. या बोगस टोळ्यांमुळे खऱ्या, नोंदीत माथाडीची बदनामी होते, आणि त्याचं दुःख त्यालाच सर्वांत जास्त आहे.

इतकी माणसं घरं बदलू लागली तरी कधीपासून? स्वातंत्र्यानंतरची काही दशकं मुंबईकर भाडेकरू हलतच नव्हता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, पागडीची खोली ही कुटुंबाची इस्टेट झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि घरमालकांनी धसकाच घेतला. रिकामी घरं कुलपात राहिली किंवा अकरा महिन्यांच्या करारावर गेली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० मध्ये अमलात आला तेव्हा लिव्ह अँड लायसन्सला भक्कम आधार मिळाला. त्याच सुमारास हिंजवडी, खराडी, ऐरोलीत संगणक कंपन्या आल्या. करार संपला की घर बदलणारी नवी पिढी तयार झाली, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण तिच्या रोजच्या जगण्यात उतरली.

वाहनही बदललं. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं १९५८ मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पो सुरू झाली. गोरेगावला, मग आकुर्डीला बनलेली तिची तीनचाकी गल्लीबोळात शिरू लागली आणि हातगाडी मागे पडली. टेम्पो हे एका कंपनीचं नाव, पण महाराष्ट्रात छोट्या मालगाडीला सगळे टेम्पोच म्हणतात. २००५ मध्ये या कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आणि त्याच वर्षी टाटांनी ‘एस’ बाजारात आणली. पाऊण टन माल घेणारी ती चारचाकी ‘छोटा हत्ती’ झाली. एका शयनगृहाच्या घराला तिच्या दोन-तीन फेऱ्या पुरतात. शहरातल्या शहरात घर हलवण्याचा खर्च तिनं सामान्यांच्या आवाक्यात आणला.

गावोगावी ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’च्या पाट्या लागल्या त्या १९८० च्या दशकापासून पुढे. त्याआधी बांधणारा वेगळा, हमाल वेगळा, ट्रक वेगळा. या कंपन्यांनी तिन्ही एका पावतीवर आणलं. जकातनाक्यावरचा खोळंबा हाही त्यांनीच निस्तरायचा असे. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या रांगेत जुनं घरसामान आहे हे पटवण्यात रात्र जाई. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही. तरी सामानाची यादी आणि जुन्या-नव्या पत्त्याचा पुरावा ट्रकमध्ये असला की वाटेतला वेळ वाचतो.

मुंबईचं आणखी एक खास स्थलांतर म्हणजे पुनर्विकासाचं. मोडकळीला आलेली इमारत, म्हाडाचं ट्रान्झिट कॅम्प, आणि वर्षानुवर्षं लांबत जाणारी परतीची वाट. आता करारात विकासकानं भाडं, दलाली आणि जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च द्यावा असं लिहिलं जातं. परत येतानाचा खर्चही त्यात धरला आहे का, हे सही करण्याआधी तपासावं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून निघालेलं सामान नव्या घरात विरळ दिसलं असेल. धरणासाठी उठणाऱ्यांची गोष्ट याहून कठीण. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं विस्थापित कुटुंबाला स्वतःला, सामान, घराचं साहित्य आणि गुरं हलवण्यासाठी एकरकमी ५०,००० रुपये ठरवले. गोठा आणि गोवऱ्यांसकट हलणारं घर या रकमेत कसं बसवायचं, याचा विचार अजून व्हायचा आहे.

आणि १८६५ चा तो जुना कायदा? त्याच्या जागी २००७ मध्ये कॅरेज बाय रोड अॅक्ट झाला आणि २०११ मध्ये नियमांसह अमलात आला. वाहतूकदाराची नोंदणी सक्तीची, पाठवणाऱ्यानं माल सोपवताना तपशिलाचा कागद द्यायचा, वाहतूकदारानं पावती द्यायची. जास्त जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल तर भरपाईची कमाल मर्यादा साधारणपणे भाड्याच्या दहापट. म्हणजे नागपूर-पुणे तीस हजारांत ठरलं तर अख्ख्या घरामागे तीन लाख. ज्याच्या घरात पियानो, सतार किंवा आजोबांचं शिसवी कपाट आहे त्यानं हा हिशेब आधी करावा.

इथंच लोक फसतात. दरपत्रकात ‘विमा ३ टक्के’ असं लिहिलेलं असतं, पैसेही घेतले जातात, पण विमा कंपनीची पॉलिसी हाती येत नाही. पॉलिसीचा क्रमांक नसेल तर तो विमा नव्हे, वाहतूकदाराचं तोंडी आश्वासन आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलं असेल तर त्या आश्वासनालाही अर्थ उरत नाही. फोनवर सांगितलेला अर्ध्या किमतीचा दर आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर वाढवून मागितलेले पैसे, ही तक्रार ग्राहक आयोगांकडे वारंवार येते. प्रसिद्ध कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून बसलेले भामटेही कमी नाहीत. म्हणून दर ठरवण्याआधी माणूस घरी येऊन सामान पाहून जायला हवा. दर लेखी हवा, त्यात मजल्याचं, लिफ्टचं आणि लांब चालण्याचं वेगळं काही निघणार नाही हे स्पष्ट हवं. जीएसटी आणि वाहतूक नोंदणीचा क्रमांक पडताळलेला हवा. आगाऊ रक्कम थोडी द्यावी.

सगळी स्थलांतरं एका मापानं मोजायची नसतात. गल्ली बदलायची असेल तर छोटा हत्ती आणि ओळखीचे तीन हमाल पुरतात, कंपनीची गरज नाही. पुण्याहून बंगळुरूला जाताना पूर्ण ट्रक घ्यायचा की दुसऱ्यांच्या सामानासोबत अर्धा, हा मुख्य प्रश्न; अर्धा स्वस्त पडतो, पण वाटेत सामान गोदामात उतरतं आणि पुन्हा चढतं, म्हणजे खोपोली-खंडाळ्याची तीच जुनी गोष्ट. परदेशी जायचं तर लाकडी पेट्या उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया केलेल्या आणि तसा शिक्का असलेल्याच हव्यात, नाहीतर बंदरात अडकतात. दागिने, दस्तऐवज, औषधं, मुलांचे दाखले कुठल्याही परिस्थितीत स्वतःजवळ.

आणि हमालांबद्दल एक विनंती. दर ठरवताना माणसं किती येणार, त्यांना मजुरी कोण देणार, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना फ्रीज किती जण उचलणार, हे विचारा. स्वस्त दर बहुतेक वेळा याच ठिकाणी कापलेला असतो. दोन माणसांच्या पाठीवर चार माणसांचं ओझं टाकून वाचवलेले हजार रुपये कुणाच्याही घराला शोभत नाहीत.

नव्या घरी खोकी महिनोन् महिने बंद ठेवू नका. यादी हातात धरून ती आठवडाभरात उघडा, फुटकं-तुटकं दिसलं की फोटो काढून लगेच लेखी कळवा. कायद्यानं अशा नोटिशीला दिलेली मुदत १८० दिवसांची आहे, आणि ती सामान पोचल्याच्या दिवसापासून नव्हे, बुक केल्याच्या तारखेपासून मोजली जाते.